वायरलेस इम्युलेशनमध्ये आकडे खोटे येतात तेव्हा: सामायिक बँडविड्थ आणि पॅकेट लॉसची तपासणी

इम्युलेटरमध्ये, म्हणजे नेटवर्कची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणाऱ्या यंत्रणेत, चार नोड (नेटवर्कमधली यंत्रं), एकच वायरलेस चॅनेल, चॅनेलची क्षमता सेकंदाला २० मेगाबिट ठरवलेली. पहिल्या जोडीत चाचणी घेतली की १९च्या आसपास आकडा येतो आणि सगळं ठीक वाटतं. ती चालू असतानाच दुसऱ्या जोडीत चाचणी लावली तर तिथेही १९. म्हणजे २० मावणाऱ्या हवेतून ३८ मेगाबिट चालले आहेत आणि इम्युलेटरची काही हरकत नाही. खऱ्या रेडिओवर हे होणार नाही. तिथे दोघांच्या वाट्याला जेमतेम नऊ-नऊ येतील, बहुधा त्याहूनही कमी.

हा बिघाड मी वेगवेगळ्या मांडण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: वायरीचे नियम रेडिओला लावलेले असतात. वायरीत क्षमता त्या त्या लिंकची असते. रेडिओत क्षमता हवेची असते आणि हवा सगळ्यांत मिळून एकच. त्या मुळापर्यंत जाण्याआधी मात्र साधी कारणं बाद करून घ्या. निम्मे लोक तिथेच अडकलेले असतात आणि दोन मिनिटांच्या कामासाठी अख्खी मांडणी मोडून बसतात. पुढचं सगळं लिनक्सवरची टीसी (पॅकेटांच्या वेगाला मर्यादा घालणारी आज्ञा) आणि नेटएम (तिचा विलंब आणि लॉस, म्हणजे पॅकेट हरवणं, घालणारा भाग) यांना धरून लिहिलं आहे.

लक्षणं

यातली एक-दोन तरी तुमच्याकडे दिसत असतील:

- प्रत्येक जोडीला पूर्ण बँडविड्थ मिळते, कितीही जोड्या एकदम चालवल्या तरी.
- एकाच नोडचं अपलोड आणि डाउनलोड एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतं.
- तीन हॉपच्या (नोडाकडून नोडाकडे तीन टप्प्यांच्या) मार्गावरही वेग एका हॉपइतकाच राहतो.
- एका नोडला ३० टक्के लॉस दिला तरी शेजारच्यांना त्याची झळ लागत नाही.
- लॉस ५ टक्के दिला, पिंगला दहाच्या जवळ दिसतो. किंवा काहीच दिसत नाही.
- लॉस शून्य आणि फक्त विलंब वाढवला, तरी टीसीपीचा वेग कोसळतो.

पहिली चार लक्षणं एका कुळातली आहेत, त्यांचं उत्तर पुढे सामायिक चॅनेलच्या आणि त्यालगतच्या भागात आहे. शेवटच्या दोघांचं उत्तर बहुधा सुरुवातीच्या तपासण्यांतच मिळतं.

आधी एकक बघा

टीसीमध्ये ‘एमबिट’ म्हणजे मेगाबिट, पण ‘एमबीपीएस’ म्हणजे मेगाबाइट प्रति सेकंद. आपण रोजच्या बोलण्यात एमबीपीएस म्हणतो ते मेगाबिटच्या अर्थाने, म्हणून हात तिकडेच वळतो. १० एमबीपीएस लिहिलं की मर्यादा ८० मेगाबिटची लागते. मर्यादा ‘लागतच नाही’ अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी ही ओळ वाचायला मागतो.

दुसरी अशीच गोष्ट आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनाची. युडीपी (टीसीपीसारखी पोच न घेता पाठवण्याची पद्धत) चाचणीत वेग सांगितला नाही तर तो १ मेगाबिटनेच पाठवतो. त्यामुळे मर्यादा २० असो वा २००, निकाल १ मेगाबिट आणि लॉस शून्य. चाचणीचा वेग चॅनेलच्या क्षमतेपेक्षा वर ठेवल्याशिवाय मर्यादेची परीक्षाच होत नाही.

नियमातून पॅकेट जातात का

टीसीला आकडेवारीसकट क्यू (पॅकेटांच्या रांगा) दाखवायला सांगा आणि चाचणी चालू असताना तीच आज्ञा पाच-पाच सेकंदांनी परत द्या. ‘सेंट’समोरचा आकडा हलला पाहिजे. तो जागचा हलत नसेल तर नियम चुकीच्या इंटरफेसवर बसला आहे आणि बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

हे होण्याचं नेहमीचं कारण असं, की नेटएम बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर चालतो, आत येणाऱ्यांवर नाही. वीएथच्या, म्हणजे आभासी केबलच्या, जोडीत कुठलं टोक कोणाच्या ‘बाहेर’ आहे हे कागदावर काढून बघा. तोंडी हिशेबात मीही चुकतो. आत येणाऱ्या पॅकेटांना नियम लावायचा तर ती आयएफबी नावाच्या आभासी इंटरफेसवर वळवावी लागतात. आणि तो आयएफबी चालू करायचा राहिला तर पॅकेट मुकाट्याने गायब होतात. कर्नलच्या लॉगमध्ये तेवढी एक ओळ सापडते: ‘टीसी मिरर्ड टू ह्यूस्टन: डिव्हाइस आयएफबी० इज डाउन’. ही ओळ दिसली तर आनंदच माना, दुरुस्ती एका आज्ञेची आहे.

मोजमाप पुरेसं आहे का

१ टक्का लॉस लावून १०० पिंग पाठवले आणि एकही हरवला नाही, म्हणून नियम चालत नाही असं ठरवू नका. १०० पैकी एकही न हरवण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे साधारण तीनांत एकदा असं होतं. १०,००० पॅकेट पाठवा. तेव्हा हरवलेली साधारण ८० ते १२०च्या दरम्यान यायला हवीत.

पिंग जातो आणि परत येतो हेही धरा. दोन्ही दिशांना ५ टक्के लॉस असेल तर पिंगला ९.७५ टक्के दिसणार, आणि विलंबही दुप्पट. तो बिघाड नव्हे. एकाच दिशेचा लॉस हवा तर युडीपीची एकतर्फी चाचणी घ्या.

टीसीपीच्या वेगाबद्दलही असाच गैरसमज होतो. १ टक्का लॉस लावला आणि २० मेगाबिटचे ३ झाले, तर इम्युलेटर बिघडला असं वाटतं. १९९७ साली मांडलेल्या मॅथिस यांच्या (लॉस आणि फेरीच्या वेळेवरून टीसीपीचा वेग काढणाऱ्या) सूत्राने हिशेब करून बघा. १,४६० बाइटचे तुकडे, ५० मिलिसेकंदांची फेरी आणि १ टक्का लॉस असेल तर रेनो पद्धतीच्या टीसीपीला २.८ मेगाबिटच्या आसपासच मिळतं. क्युबिक किंवा बीबीआर या टीसीपीच्या वेग ठरवण्याच्या दुसऱ्या पद्धती वापरत असाल तर आकडा वेगळा येईल, म्हणून दोन्ही टोकांना कुठली पद्धत चालू आहे तेही लिहून ठेवा.

क्यूची मर्यादा आणि गठ्ठे

नेटएमच्या क्यूत मुळात १,००० पॅकेट मावतात. विलंब द्यायचा म्हणजे तेवढा वेळ पॅकेट क्यूत धरून ठेवायची. २०० मेगाबिट वेग आणि १०० मिलिसेकंद विलंब असेल तर एका वेळी अडीच मेगाबाइट, म्हणजे १,५०० बाइटची सुमारे १,६६७ पॅकेट क्यूत उभी असतात. जागा हजारांची. उरलेली पडतात आणि तुम्ही लॉस शून्य लिहूनही लॉस दिसतो. गोंधळ वाढतो तो यामुळे, की ठरवून पाडलेली आणि जागा नाही म्हणून पडलेली पॅकेट ‘ड्रॉप्ड’ या एकाच आकड्यात मोजली जातात. म्हणून लॉसची अट काढून टाका आणि तो आकडा तरीही चढतो का ते बघा. चढत असेल तर लिमिट (क्यूत मावणाऱ्या पॅकेटांची संख्या) वाढवा. हिशेबाने येईल त्याच्या दीडपट मी ठेवतो.

दुसरी अडचण गठ्ठ्यांची. कर्नल काम वाचवण्यासाठी टीसीपीचे तुकडे एकत्र बांधून ६४ किलोबाइटपर्यंतचा एक गठ्ठा पुढे ढकलतो आणि तो शेवटी फोडतो. वीएथवर ही सोय मुळातच चालू असते. नेटएमला तो गठ्ठा एक पॅकेट म्हणून दिसतो. लॉसने तो उचलला की चाळीसहून जास्त तुकडे एका फटक्यात जातात आणि टक्केवारी मात्र बरोबर दिसत राहते. पॅकेट टिपणारं टीसीपीडम्प लावून लांबी बघा: १,५०० बाइटच्या लिंकवर १४,४८० किंवा ६५,१६० असे आकडे दिसले की हेच. एथटूल ही आज्ञा वापरून पाठवणाऱ्या नोडच्या टोकावर टीएसओ आणि जीएसओ (गठ्ठे बांधून पाठवण्याच्या सोयी) बंद करा, इम्युलेटरच्या इंटरफेसवर जीआरओही (आलेले तुकडे एकत्र बांधण्याची सोय). प्रोसेसरवर भार वाढेल, पण त्याशिवाय लॉसचा एकही आकडा विश्वासाचा नाही.

चॅनेल खरंच सामायिक आहे का

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि दोन जोड्यांना तरीही १९-१९ मिळत असतील, तर बिघाड मांडणीत आहे. प्रत्येक नोडच्या इंटरफेसवर २० मेगाबिटची मर्यादा लावली म्हणजे चार नोडांना चार स्वतंत्र वायरी दिल्या. कोअरसारख्या इम्युलेटरच्या साध्या वायरलेस मॉडेलमध्येही असंच आहे: बँडविड्थ, विलंब आणि लॉस भरता येतात, पण चॅनेलसाठीची ओढाताण त्यात धरलेली नाही. बँडविड्थच्या रकान्यात ५४ मेगाबिट दिसले की बघणाऱ्याला ते सगळ्यांचे मिळून वाटतात, आणि चूक तिथेच होते.

मला सगळ्यात भरवशाची वाटलेली मांडणी अशी. सगळ्या नोडांची वीएथ टोकं एका ब्रिजवर (आभासी स्विचवर) आणा. ब्रिजकडच्या प्रत्येक टोकावर आत येणारी सगळी पॅकेट एकाच आयएफबीवर वळवा. त्या आयएफबीवर एकच मर्यादा बसवा, २० मेगाबिटची. तिथून सुटलेलं पॅकेट परत ब्रिजमध्ये शिरतं आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्या टोकातून बाहेर पडतं. तो एक आयएफबी म्हणजे तुमची हवा. कोणीही काहीही पाठवलं तरी ते त्याच अरुंद दारातून जाणार.

या मांडणीत पुष्कळ गोष्टी न मागता जुळून येतात, म्हणून ती मला आवडते. अपलोड आणि डाउनलोड आपोआप एकमेकांचा वाटा खातात. ब्रॉडकास्ट पॅकेट दाराशी एकदाच मोजलं जातं आणि मग सगळ्यांना पोचतं, रेडिओत होतं तसंच. आणि मधला नोड पॅकेट पुढे पाठवतो तेव्हा ते त्याच्या टोकातून पुन्हा त्याच दाराशी येतं, म्हणजे हॉपगणिक हवा खर्च होते. तीन हॉपच्या मार्गावर २०चे साडेसहाच्या आसपास उरले तर मांडणी नीट बसली असं समजा.

एका गटाचं व्हिडिओचं काम मी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या इम्युलेटरमध्ये तीन हॉपवरून ८ मेगाबिटचा प्रवाह दिवसभर न अडखळता चालायचा, आणि मैदानात पहिल्या मिनिटाला चित्र गोठायचं. त्यांनी कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) बदलला, बफर वाढवला, आठवडे घालवले. वरची मांडणी करून तोच प्रवाह सोडला तेव्हा आयएफबीच्या क्यूचा बॅकलॉग (थांबलेल्या पॅकेटांचा साठा) काही सेकंदांत भरला आणि ड्रॉप्डचा आकडा धावायला लागला. मैदानातला बिघाड पहिल्यांदा टेबलावर दिसला. ८ मेगाबिटला तीन हॉप म्हणजे २४ मेगाबिट हवा लागते, हे कळल्यावर पुढचं काम दोन दिवसांचं होतं.

एक दुरुस्ती मात्र लक्षात ठेवा. दाराशी एकच साधी रांग ठेवली तर जो जास्त ढकलतो तोच हवा बळकावतो. वाय-फायमध्ये बोलण्याची संधी नोडांना साधारण सारखी मिळते, म्हणून आयएफबीवर एचटीबी (बँडविड्थचे वाटे पाडणारी रांग) घालून प्रत्येक नोडच्या मॅक पत्त्यानुसार समान वर्ग करा. कोणी गप्प असेल तर त्याचा वाटा इतरांना उधार घेता आला पाहिजे.

हरवलेलं पॅकेटही हवा खातं

ही तपासणी जवळजवळ सगळ्यांकडून राहून जाते. नेटएम लॉस लावतो तो पॅकेट क्यूत शिरतानाच. मर्यादा त्यानंतर येते. म्हणजे पाडलेल्या पॅकेटाने बँडविड्थमधलं काहीच वापरलेलं नसतं. एचटीबीच्या वर्गाखाली नेटएम टांगला तरी क्रम तोच राहतो. खऱ्या रेडिओत उलट आहे: पॅकेट हवेत गेलं, तेवढा वेळ बाकी सगळे गप्प बसले, आणि मग ते पोचलं नाही. वेळ गेलाच. म्हणूनच ३० टक्के लॉस असलेल्या नोडची झळ तुमच्या इम्युलेटरमध्ये शेजाऱ्यांना लागत नाही.

उपाय क्रमाचा आहे. मर्यादा आधी, लॉस नंतर. वरच्या मांडणीत आयएफबीवर फक्त मर्यादा ठेवा, आणि लॉस व विलंब घेणाऱ्या नोडकडे बाहेर पडणाऱ्या टोकावर लावा. मग प्रत्येक पॅकेट आधी हवेचे पैसे मोजतं आणि मग हरवतं.

पुढचा प्रश्न: किती लॉस लावायचा? वाय-फायमध्ये युनिकास्ट (एकाच नोडसाठीच्या) फ्रेमची पोच आली नाही तर ती परत पाठवली जाते. सात प्रयत्न धरले आणि प्रत्येक प्रयत्न निम्म्या वेळा फसत असेल, तर सातही फसण्याची शक्यता ०.७८ टक्के. आयपीच्या पातळीवर लिंक चांगली दिसते. पण दर पॅकेटामागे सरासरी जवळजवळ दोन वेळा हवा वापरली गेली, म्हणजे क्षमता निम्मी झाली आणि विलंब हेलकावे खायला लागला. अशा लिंकसाठी ५० टक्के लॉस लावणं चूक. लॉस एक टक्क्याच्या आत ठेवा, क्षमता अर्धी करा आणि विलंबात चढउतार घाला. ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टला पोच नाही आणि पुन्हा पाठवणंही नाही, त्यामुळे त्यांना मात्र हवेतला लॉस तसाच्या तसा सोसावा लागतो. मेश राउटिंगचे (नोड एकमेकांतून मार्ग शोधतात त्या पद्धतीचे) शेजारी ओळखण्याचे हॅलो संदेश याच वाटेने जातात. त्यांना वेगळ्या वर्गात घालून वेगळा लॉस दिला नाही तर तुमचं राउटिंग इम्युलेटरमध्ये नको तितकं स्थिर दिसेल.

रेडिओत लॉस आणि बँडविड्थ ही दोन सुटी बटणं नसतात, दोन्ही एकाच वेळेच्या खर्चातून येतात. एक फिरवलं की दुसऱ्याचा हिशेब परत करा.

लॉसचा आकार

रेडिओत पॅकेट एकेकटी हरवत नाहीत, झुंडीने हरवतात. त्यासाठी नेटएममध्ये गिल्बर्ट-इलियट मॉडेल आहे (गिल्बर्ट १९६०, इलियट १९६३). चांगल्या स्थितीतून वाईट स्थितीत जाण्याची शक्यता १ टक्का आणि परत येण्याची २५ टक्के ठेवली, तर सरासरी लॉस ३.८५ टक्के आणि सलग साधारण ४ पॅकेट जातात. आवाजाच्या संभाषणात एक हरवलेलं पॅकेट कोडेक झाकून नेतो. २० मिलिसेकंदांची चार सलग गेली तर ८० मिलिसेकंदांचं भोक ऐकू येतं. लॉसला सहसंबंधाची टक्केवारी देण्याची जुनी पद्धत वापरू नका, ती नीट वागत नाही.

या मॉडेलची एक मर्यादा ओळखून असा. त्यात स्थिती बदलते ती पॅकेटागणिक, वेळेनुसार नाही. सेकंदाला ५० पॅकेट असताना चार पॅकेट म्हणजे ८० मिलिसेकंद. २० मेगाबिटच्या भरलेल्या प्रवाहात तीच चार म्हणजे अडीच मिलिसेकंदांच्याही आत. खरा फेड (सिग्नल क्षीण होणं) घड्याळावर चालतो. तसा हवा असेल तर छोटी स्क्रिप्ट लिहून ठरलेल्या वेळी लॉस बदलत राहा. आणि विलंबात चढउतार दिल्यावर पॅकेटांचा क्रम बिघडला, तर तो नेटएमच्या आतल्या रांगेमुळे बिघडतो.

कुठे थांबायचं

टीसी बिट मोजतो, हवेतला वेळ मोजत नाही. एक नोड ५४ मेगाबिटने आणि एक ६ने बोलत असेल आणि दोघांना सारखीच पॅकेट पाठवायची संधी मिळत असेल, तर इतर खर्च सोडूनही दोघांच्या वाट्याला ५.४-५.४ येतात. हळू नोड सगळ्यांना आपल्या पातळीवर आणतो. ८०२.११बी या वाय-फाय मानकातली ही विसंगती २००३ साली शोधनिबंधातून मांडली गेली. ती हवी असेल, लपलेले (एकमेकांना ऐकू न येणारे) नोड हवे असतील, किंवा लांबच्या दोन टोकांनी एकाच वेळी बोलणं अपेक्षित असेल, तर टीसीच्या नियमांवर नियम रचत बसू नका. इमेन या रेडिओ इम्युलेटरमधलं ८०२.११चं मॉडेल घ्या. त्याच्या आरएफ पाइप मॉडेलमध्ये चॅनेलची स्पर्धा येत नाही, ते इथे चालणार नाही. लिनक्सचा खरा वाय-फाय स्टॅक हवा असेल तर मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम (आभासी वाय-फाय कार्ड) आणि सोबत डब्ल्यूमीडियमडी (त्यांच्यामधल्या हवेची नक्कल करणारं सॉफ्टवेअर). नुसत्या एचडब्ल्यूसिममध्ये हवा निर्दोष असते.

एकच चाचणी एकाच यंत्रावर दहा वेळा घेऊन दहा वेगळे निकाल येत असतील, प्रोसेसर शंभरावर टेकलेला असेल, किंवा इम्युलेशन अनेक यंत्रांवर पसरून त्यांची घड्याळं जुळत नसतील, तर यंत्रणा सांभाळणाऱ्या जाणकाराला बोलवा. आकडे जुळेपर्यंत लॉसच्या टक्केवारीशी खेळत बसलात तर तुमच्या हाती चुकीची मांडणी आणि चुकीचे आकडे दोन्ही राहतील.

खरे रेडिओ केबलने जोडून बघायची वेळ आली तर तिथे स्वतःच्या हाताने पुढे जाऊ नका. पाठवणाऱ्याची पूर्ण शक्ती अॅटेन्युएटरशिवाय (सिग्नलची शक्ती कमी करणाऱ्या भागाशिवाय) दुसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये गेली तर त्याचा पुढचा भाग जळू शकतो, आणि अॅटेन्युएटरलाही वॅटची मर्यादा असते. परवाना लागणाऱ्या बँडवर अँटेना लावून प्रसारण करणंही आपलं काम नाही. हे आरएफ (रेडिओ) अभियंत्याकडे, चॅनेल इम्युलेटर असलेल्या प्रयोगशाळेत न्या. बचावकार्य किंवा वैद्यकीय संदेश या नेटवर्कवरून जाणार असतील तर केवळ टीसीवर मिळालेल्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका, ते मोजमाप त्यांच्याकडूनच करून घ्या.

जाताना सोबत एवढं न्या: नियम लावणारी संपूर्ण स्क्रिप्ट, चाचणीच्या आधीची आणि नंतरची टीसीची आकडेवारी, कर्नलची आवृत्ती, ऑफलोडच्या (गठ्ठे बांधण्याच्या) सोयी चालू आहेत की बंद त्याची यादी, आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी घेतलेले पॅकेट कॅप्चर.